तुम्ही विचारलंत म्हणून : व्हीसीआर घेताना पैसे कशासाठी मोजावेत

जुन्या व्हिडिओ कॅसेट जपून ठेवलेली माणसे मला एक प्रश्न हमखास विचारतात. घरातल्या लग्नाचे, मुलांच्या लहानपणाचे, आता हयात नसलेल्या माणसांचे चित्रण कॅसेटवर आहे आणि ते संगणकावर उतरवून घ्यायचे आहे. त्यासाठी वापरलेला व्हीसीआर विकत घ्यायचा, तर मिळेल तो स्वस्त घ्यावा की जास्त पैसे देऊन भक्कम बांधणीचा घ्यावा, असा हा प्रश्न असतो. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. टेप यंत्रात ज्या वाटेने फिरते, ती वाट नीट राखणाऱ्या यांत्रिक भागांसाठी पैसे मोजावेत आणि ते भाग अलीकडे एखाद्या जाणकाराने तपासलेले असतील, तर त्या तपासणीसाठीही मोजावेत. नाव, दुर्मीळपणा आणि समोरच्या पट्टीवरची बटणे यांसाठी वेगळे पैसे देऊ नयेत.

जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस ही घरगुती व्हिडिओ कॅसेटची पद्धत १९७६ मध्ये बाजारात आणली आणि शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये आपले उत्पादन थांबवले, तेव्हा नवा व्हीसीआर मिळण्याचा मार्ग बंद झाला. त्यामुळे आज तुमच्यासमोर येणारे प्रत्येक यंत्र वापरलेले किंवा निदान बरीच वर्षे पडून राहिलेले असते. यंत्र नवे होते तेव्हा किंमत आणि बांधणी बऱ्याच अंशी हातात हात घालून चालत, कारण जाड सांगाडा, चांगल्या मोटारी आणि काटेकोर जुळणी यांचा खर्च किमतीत धरलेला असे. आता किंमत ठरते ती मागणीवरून, कोणत्या मॉडेलचा बोलबाला झाला आहे त्यावरून आणि विकणाऱ्याच्या अंदाजावरून. म्हणूनच किंमत पाहून बांधणीचा अंदाज बांधता येत नाही आणि बांधणी स्वतंत्रपणे पाहावी लागते.

बांधणीला एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी कॅसेट आत गेल्यावर काय घडते ते पाहिले पाहिजे. कॅसेटचे पुढचे झाकण उघडते, दोन खुंट्या टेपला बाहेर ओढतात आणि तिरक्या बसवलेल्या, ६२ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमभोवती ती अर्ध्याहून थोडी अधिक गुंडाळतात. भारतातल्या दूरचित्रवाणीच्या पाल पद्धतीत टेप स्वतः सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते, परंतु ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेत असल्यामुळे त्यावरची हेड, म्हणजे टेपवरची नोंद वाचणारी चुंबकीय टोके, टेपवरून सेकंदाला पावणेपाच मीटरांहून अधिक वेगाने धावतात. प्रत्येक फेऱ्यात समोरासमोर बसवलेली दोन हेड दोन तिरक्या रेघा वाचतात आणि अशी एकेक रेघ सुमारे दहा सेंटिमीटर लांब, पण केवळ ४९ मायक्रोमीटर रुंद, म्हणजे सर्वसाधारण केसाहूनही बारीक असते. एवढ्या अरुंद रेघेवरून हेडने शेवटपर्यंत न ढळता जावे यासाठी ड्रमच्या स्थिर भागावर कोरलेली बारीक पायरी, खुंट्यांबरोबर ड्रमच्या दोन्ही बाजूंना येऊन थांबणारे उभे मार्गदर्शक खांब आणि टेपवरचा ताण, या तिन्हींनी आपापले काम अचूक करावे लागते. खांबाची उंची किंचित जरी बदलली, तरी चित्राच्या वरच्या किंवा खालच्या भागात पांढऱ्या रेषांचा पट्टा उमटतो आणि हेड रेघेवर जुळवणारे ट्रॅकिंगचे बटण कितीही फिरवले तरी तो पुरता जात नाही.

भक्कम बांधणीचा अर्थ इथे उलगडतो. ओतीव ॲल्युमिनियमच्या जाड सांगाड्यावर ड्रम आणि खांब बसवलेले असतील, तर उष्णतेने, हादऱ्यांनी आणि वर्षानुवर्षांच्या वापराने त्यांची परस्परांतली मांडणी सहसा बिघडत नाही. पातळ पत्रा ठोकून केलेल्या सांगाड्यावर तेच भाग बसवले, तर यंत्र नवे असताना चित्र तितकेच चांगले दिसते, पण ते तसे किती काळ टिकेल याची खात्री देता येत नाही. खांब ज्या जागी येऊन थांबतात, त्या जागेची घडण मी सर्वांत आधी पाहतो. चांगल्या यंत्रात खांब तिथे घट्ट दाबून बसतो आणि बोटाने हलकेच स्पर्श केला तरी डुगडुगत नाही. टेप खेचणाऱ्या कॅपस्टनची मोटार, रिळे फिरवणारी यंत्रणा आणि खांब आतबाहेर नेणारी मोटार ही कामे वेगवेगळी ठेवलेली असली, तर प्रत्येक भागावरचा भार कमी राहतो. पुढे किमती उतरत गेल्या तशी ही कामे एकाच मोटारीवर, प्लॅस्टिकच्या दातेरी चाकांच्या साखळीने सोपवण्यात आली आणि त्यांतले एक चाक तडकले की सारे यंत्र अडून बसू लागले.

माझ्या अनुभवात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची, त्या काळी मधल्या किंवा त्याहून थोड्या वरच्या किमतीला विकली गेलेली यंत्रे सर्वांत भरवशाची ठरली आहेत. त्याआधीची यंत्रे वजनाने आणि दिसायला दणकट असली, तरी त्यांत रबरी पट्टे आणि रबरी चाके फार आणि जागच्या जागी जुळवून घ्यावे लागणारे नाजूक समायोजनही फार असते. त्यानंतरची यंत्रे हलकी होत गेली. केवळ वजनावरून मात्र निर्णय घेऊ नये. पुष्कळ जण यंत्र उचलून पाहतात आणि जड लागले की समाधानी होतात, परंतु जुन्या पद्धतीचा मोठा ट्रान्सफॉर्मरही यंत्राला जड करतो आणि त्याचा टेपच्या वाटेशी काहीही संबंध नसतो.

जाहिरातींतून मनात ठसलेल्या वैशिष्ट्यांविषयी थोडक्यात सांगतो. चार हेड असलेल्या यंत्रातली जादा जोडी मुख्यतः टेप संथ चालवून जास्त वेळ भरलेल्या रेकॉर्डिंगसाठी आणि स्थिरचित्र स्वच्छ दिसण्यासाठी असते, त्यामुळे तुमच्या कॅसेट सर्वसाधारण गतीने भरलेल्या असतील, तर दोन हेडांचे चांगले यंत्रही उत्तम चित्र देते. संपादनासाठीचे, जुनी नोंद पुसणारे फिरते इरेज हेड, वेळ लावून रेकॉर्ड करण्याची सोय, फिरवून चित्र मागेपुढे नेण्याची चकती, यांचा तुमच्या कामाला उपयोग नाही. हाय-फाय ध्वनीला मात्र मी महत्त्व देतो, कारण तो ड्रमवरच्या वेगळ्या हेडांनी, चित्राच्या थराखाली खोलवर नोंदलेला असतो आणि टेपच्या कडेवरच्या साध्या ध्वनिपट्टीपेक्षा कितीतरी स्पष्ट असतो. ज्या कॅसेटवर तो नोंदलेला आहे, ती साध्या यंत्रावर लावली तर आवाज ऐकू येतो, पण त्यातला उत्तम भाग ऐकू न येताच राहून जातो.

एस-व्हीएचएस, म्हणजे व्हीएचएसच्या सुधारित पद्धतीच्या यंत्राचा प्रश्न थोडा अधिक विचार मागतो. ही पद्धत १९८७ मध्ये आली आणि तिच्या स्वतःच्या कॅसेटवर आडव्या दिशेने सुमारे ४०० रेषांइतका तपशील नोंदता येतो, तर साध्या व्हीएचएसवर तो सुमारे २४० रेषांच्या आसपास असतो. साधी कॅसेट या यंत्रात लावल्याने तिच्यात नसलेला तपशील निर्माण होत नाही. तरीही एक खरा फायदा उरतो. व्हीएचएसच्या टेपवर प्रकाशाची आणि रंगाची माहिती वेगवेगळ्या कंपनसंख्यांवर अलग नोंदलेली असते, साधा व्हीसीआर बाहेर पाठवताना ती एकत्र करतो आणि संगणकाला ती पुन्हा वेगळी करावी लागते. एस-व्हिडिओ जोडणीतून ती वेगळीच बाहेर पडत असल्यामुळे रंगांच्या कडांवरची वळवळ कमी होते. यांतल्या काही यंत्रांत टाइम बेस करेक्टर हा विद्युत मंडलांचा (सर्किटांचा) संचही असतो आणि टेपच्या बारीक हेलकाव्यांमुळे थरथरणाऱ्या उभ्या रेषा तो सरळ करतो. या दोन गोष्टींसाठी जास्त पैसे देणे मला योग्य वाटते, पण यंत्राची यांत्रिक प्रकृती ठणठणीत असेल तरच. पुष्कळदा खरेदी इथेच फसते, कारण अशा उंची यंत्रांत इलेक्ट्रॉनिक भाग दाटीवाटीने बसवलेले असतात आणि त्यांतले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काळाच्या ओघात सुकतात किंवा गळून मंडलाची पाटी खातात. कधीकाळी उत्तम समजले गेलेले यंत्र मग निकृष्ट चित्र देते आणि त्याची दुरुस्ती मूळ किमतीच्या बरोबरीने जाते.

वय आणि बांधणी हे दोन वेगळे हिशेब आहेत, असे मी विचारणाऱ्याला आग्रहाने सांगतो. कितीही चांगल्या बांधणीच्या यंत्रात टेप कॅपस्टनवर दाबून धरणाऱ्या पिंच रोलरचे रबर कडक आणि गुळगुळीत होते, पट्टे सैल पडतात, वंगण घट्ट होऊन मेणासारखे चिकटते आणि यंत्राचा कोणता भाग कोणत्या स्थितीत आहे हे कळवणाऱ्या मोड स्विचवर काजळी धरते. या स्विचकडून चुकीचा निरोप गेला की यंत्र कॅसेट आत घेते आणि लगेच बाहेर टाकते, किंवा मध्येच बंद पडते, आणि मालक ते मोडले असे समजून स्वस्तात विकून टाकतो. उलट, या सर्व भागांची देखभाल झालेले सामान्य यंत्र, कपाटात अनेक वर्षे पडून राहिलेल्या उंची यंत्रापेक्षा तुमची कॅसेट अधिक सुरक्षितपणे चालवते. चांगल्या बांधणीचा मोठा गुण असा की ती दुरुस्तीला दाद देते. धातूचे भाग उघडून, स्वच्छ करून, वंगण घालून पुन्हा पूर्वीच्या जागी बसवता येतात, तर तडकलेल्या प्लॅस्टिकच्या चाकाला दुसऱ्या यंत्रातून काढलेले चाक शोधण्यावाचून गत्यंतर नसते.

किमतीचा विचार करताना यंत्राच्या किमतीत दुरुस्तीचा खर्च मिळवलाच पाहिजे आणि तिसरी गोष्ट म्हणजे कॅसेटची किंमतही धरली पाहिजे. यंत्र बिघडले तर दुसरे मिळते, परंतु टेप गुंडाळणारे रीळ ऐनवेळी घसरले, बाहेर आलेला टेपचा फासा आतच राहिला आणि कॅसेट बाहेर येताना तो दारात चिमटला, तर त्या जागी पडलेली घडी पुन्हा सपाट होत नाही. तिच्याखालचे चित्रण कायमचे खराब होते. म्हणून चार-दोनच कॅसेट असतील, तर यंत्र विकत घेण्यापेक्षा त्या एखाद्या खात्रीच्या व्यावसायिकाकडून उतरवून घ्याव्यात, असे मी स्पष्ट सांगतो. कपाटभर कॅसेट असतील, तर मात्र देखभाल केलेल्या यंत्रासाठी सैल हाताने खर्च करावा, कारण तो खर्च प्रत्येक कॅसेटमागे विभागला जातो आणि काम संपल्यावर चालू स्थितीतले यंत्र पुन्हा विकताही येते.

यंत्र घेण्यापूर्वी ते चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. त्यासाठी गमावली तरी चालेल अशी, पण दुसऱ्या चांगल्या यंत्रावर भरलेली कॅसेट बरोबर न्यावी. यंत्राने स्वतःच भरलेली कॅसेट त्यातच लावली तर चित्र जवळजवळ नेहमीच ठीक दिसते, कारण जी चूक नोंदताना झाली तीच वाचतानाही होत असते. कॅसेट आत जाताना आणि बाहेर येताना आवाज एकसारखा आहे का, ते ऐकावे. काही मिनिटे चालवून चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकतो का, ते पाहावे, कारण तसे होत असेल तर टेपवरचा ताण बिघडलेला असतो. चित्राच्या अगदी तळाशी दिसणारा बारीक अस्थिर पट्टा हा एका हेडकडून दुसऱ्याकडे काम जाण्याचा नेहमीचा परिणाम असल्यामुळे त्याने घाबरून जाऊ नये. आवाज लहरत असेल, तर कॅपस्टन किंवा पिंच रोलर संशयास्पद समजावा. टेप शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणावी, चित्र दिसत असताना मागे नेणे मुद्दाम करून पाहावे आणि तसे चालू असतानाच थांबवून कॅसेट बाहेर काढावी, कारण रिळांच्या चाकांची झीज याच वेळी उघड होते. त्यानंतर कॅसेटचे झाकण उचलून टेपच्या दोन्ही कडा उजेडात पाहाव्यात. कडा दुमडलेली किंवा लाटांसारखी झालेली दिसली, तर यंत्र कितीही स्वस्त आणि कितीही नावाजलेले असले तरी ते तिथेच सोडून द्यावे.

हेड झिजलेली आहेत का, हे नुसत्या नजरेने कळत नाही. चांगल्या कॅसेटवरही चित्रात पांढरे ठिपके आणि तुटक रेषा दिसत राहिल्या, तर आधी हेड साफ करून पाहावीत आणि तरीही फरक पडला नाही, तर ती झिजली आहेत असे धरावे. साफसफाई करताना ड्रम हाताने हळू फिरवावा, भिजवलेले चामोई कातडे आडव्याच दिशेने स्थिर धरावे आणि कापसाचे बोळे वापरू नयेत, कारण त्यांचे तंतू हेडच्या टोकात अडकून ते तुटू शकते.

ज्यांच्याकडे कॅसेट पुष्कळ आहेत आणि त्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या यंत्रांवर भरलेल्या आहेत, त्यांनी एकाच अत्यंत महाग यंत्रावर सारा पैसा लावू नये, असे माझे मत आहे. मूळ रेकॉर्डर थोडा वाकडा जुळलेला असेल, तर त्याने भरलेली कॅसेट अचूक जुळणीच्या यंत्रावर खराब दिसते आणि एखाद्या साध्या यंत्रावर अनपेक्षितपणे स्वच्छ चालते. त्याच पैशांत देखभाल केलेली दोन मध्यम यंत्रे घेता आली, तर ती घ्यावीत, त्यांपैकी निदान एक हाय-फाय असावे, आणि दोघांचे उत्पादक वेगळे असावेत, म्हणजे एका यंत्रावर न जुळणारी कॅसेट दुसऱ्यावर जुळण्याची शक्यता वाढते.