आय-४०७ वर न केलेली सही

सकाळी नऊला एका मुलाचा फोन आला. "आईला एअरपोर्टवर आतल्या खोलीत नेलंय. दोन तास झाले." अमेरिकेत इमिग्रेशनची कामं करणाऱ्या आमच्या ऑफिसात त्याच्या आईची, म्हणजे काकूंची, फाइल ओळखीची होती. ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना, मिळून तीन वर्षं झालेली. दरवर्षी जवळजवळ अकरा महिने पुण्यात, तीन आठवडे न्यू जर्सीत. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं काकूच करतात.

वर्षाच्या आत एकदा पाय लावून आलं की झालं, हा समज आपल्या लोकांत फार घट्ट बसलाय. एक वर्ष ही नुसत्या कार्डावर परत येण्याची मर्यादा आहे. अमेरिकेतला रहिवास टिकला की सुटला, हा प्रश्न वेगळा, आणि तो सहा महिन्यांच्या फेरीनंतरही विचारला जातो. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलं, की तुम्ही नव्याने प्रवेश मागताय असं कायदा धरतो.

त्या खोलीत वकिलाला जाता येत नाही, फोनही बंद ठेवायला लावतात. म्हणून काकूंना आधीच बजावलं होतं: आय-४०७ या फॉर्मवर सही करायची नाही. ती सही म्हणजे स्वतःहून ग्रीन कार्ड सोडणं, आणि तशी सक्ती कुणी करू शकत नाही. नाही म्हटलं तर न्यायाधीशापुढे हजर राहायची नोटीस मिळू शकते. तिथे रहिवास सोडल्याचं भक्कम पुराव्याने सिद्ध करणं सरकारचं काम. अंतिम निकालापर्यंत दर्जा शाबूत राहतो.

काकूंनी दुपारी सगळं सांगितलं. अधिकाऱ्याने पासपोर्टातले शिक्के बघत पेन्सिलने दिवस मांडले, बेरीज केली आणि कागद त्यांच्यापुढे फिरवला. मग फॉर्म, त्यावर पेन. "सही करा, व्हिजिटर म्हणून लगेच सोडतो." रात्रभर प्रवास करून आलेली माणसं इथेच सही करून बसतात. काकू म्हणाल्या, "मला जजसमोर जायचंय," आणि पिशवीतून फाइल काढली. सासूबाईंचे डॉक्टरी कागद, इथलं बँक खातं, ड्रायव्हिंग लायसन्स आणि दरवर्षीचा १०४० रिटर्न, म्हणजे रहिवासी म्हणून भरलेला अमेरिकन आयकराचा फॉर्म. रिटर्न मोलाचा. अनिवासी म्हणून १०४०-एनआर भरला असता, तर रहिवास सोडल्याची ती स्वतःचीच कबुली ठरू शकली असती.

ताकीद देऊन त्यांना सोडलं.

त्याच आठवड्यात री-एन्ट्री परमिटसाठी, म्हणजे जास्त काळ बाहेर राहूनही परत येता यावं म्हणून मिळणाऱ्या परवान्यासाठी, आय-१३१ हा अर्ज भरला. हा अर्ज करताना माणूस अमेरिकेतच हवा. पुण्यात बसून तो भरता येत नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं: अर्ज टाकतात, तीन आठवड्यांनी विमानात बसतात आणि मागून बोटांचे ठसे द्यायला इथे बोलावणारं पत्र येतं. काकूंचं परतीचं तिकीट पुढे ढकलायला लावलं, नणंदबाई सासूबाईंपाशी थांबल्या. ठसे देऊन काकू गेल्या. परमिट मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत पाठवा, असं अर्जातच लिहिलं होतं.

परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं. प्रवेशाची हमी त्यानेही मिळत नाही, आणि नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सलग वास्तव्यातला खंडही त्याने टळत नाही. मुदत वाढवून मिळत नाही. पुन्हा इथे येऊनच नवा अर्ज. संपायची तारीख काकूंनी पासपोर्टच्या कव्हरला चिकटवून ठेवलीय.