पद्मिनीच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा बदलल्या, हेड न उतरवता

ठाण्यात नौपाड्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण न उघडता, माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं काम पार पडलं. आठही व्हॉल्व्हच्या (सिलिंडरच्या झडपांच्या) स्प्रिंगा नव्या आहेत, टॅपेट लावून झालेत (म्हणजे झडपांची फट जुळवून झाली), गाडी रस्त्यावर आहे. ज्यांनी अजून पद्मिनी जपली आहे त्यांच्या कामी यावं म्हणून सविस्तर लिहितोय.

तक्रार अशी होती की गावात गाडी झकास चालायची, पण घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ताणली की एका ठरावीक आवाजापुढे दमच निघायचा नाही. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटर सगळं साफ करून झालं होतं. मिस्त्री मंडळींचं एकच म्हणणं, "हेड खोला, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग करून टाका." मला ते पटेना, कारण कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, चारही सिलिंडरचं जवळपास सारखं येत होतं. म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर नीट बसतायत, रिंगाही ठीक आहेत. मग चांगलं बसलेलं हेड उगाच कशाला उचकायचं?

खरं निदान केलं व्हॅक्यूम गेजने, म्हणजे इंजिन हवा किती जोराने ओढतंय ते दाखवणाऱ्या मापकाने. ठाणे समुद्रसपाटीलाच असल्यामुळे निरोगी इंजिनाचं १७ ते २१ इंच पाऱ्याचं माप इथे जसंच्या तसं धरता येतं. आयडलिंगला काटा १८ वर शांत होता. ॲक्सिलरेटर दिला की तो थरथरायला लागायचा आणि रेस वाढेल तशी थरथरही वाढायची. गाईड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या, झिजलेल्या असल्या तर उलट होतं, आयडलिंगला थरथर आणि रेस दिल्यावर काटा स्थिरावतो. रेसबरोबर वाढणारी थरथर असेल तर संशय स्प्रिंगवर घ्यायचा.

त्यामागचं कारण सरळ आहे. कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, व्हॉल्व्ह उघडतो, पण बंद करायची जबाबदारी एकट्या स्प्रिंगची. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन पुशरॉडचं असल्यामुळे त्या स्प्रिंगला रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ), पुशरॉड (तिला खालून ढकलणारी काडी), टॅपेट (कॅमवर टेकलेला ठोकळा) असा सगळा लवाजमा कॅमला चिकटवून ठेवावा लागतो. तिची ताकद कमी झाली की वेगात टॅपेट कॅमचा माग सोडतो आणि व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. हळू चालवताना काहीच कळत नाही.

सुटे भाग मिळवणं आता पूर्वीसारखं सोपं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमाने रस्त्यावरून उतरली आणि गिऱ्हाईकच राहिलं नाही, तर दुकानदार माल कशाला ठेवेल? ज्या कुर्ल्यात ही गाडी बनायची तिथल्या सीएसटी रोडवर वापरलेल्या स्प्रिंगा मिळत होत्या, पण त्या मी घेतल्या नाहीत. शेवटी ऑपेरा हाऊसला एका जुन्या दुकानात तेलकट कागदात गुंडाळलेला कोरा सेट सापडला. जुना साठा घेताना प्रत्येक वेटोळं उजेडात फिरवून बघा. गंजाचा बारीक खड्डा दिसला तरी ती स्प्रिंग बाजूला ठेवा, कारण तडा तिथूनच सुरू होतो.

आता पद्धत. आधी बॅटरीची वायर काढली, म्हणजे चुकून कोणी स्टार्टर मारायला नको. टॅपेट कव्हर उघडून रॉकर शाफ्टचे नट थोडे थोडे, सगळे बरोबरीने सैल केले. पुशरॉड अलगद फिरवत उचलले. तसेच ओढले तर तेलाच्या चिकटपणाने टॅपेटही वर येतो. पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर घालून ते क्रमाने उभे करून ठेवले. प्रत्येक पुशरॉड आपापल्या टॅपेटशी आणि रॉकरशी घासून बसलेला असतो, तो परत तिथेच जायला हवा. हेडवरची तेल खाली जायची भोकं स्वच्छ फडक्याने बुजवली.

स्प्रिंग काढताना व्हॉल्व्ह खाली सिलिंडरमध्ये सुटू नये म्हणून काही जण प्लगच्या भोकातून हवा भरतात. सोसायटीत कॉम्प्रेसर कुठून आणणार? मी ८ मिलीमीटरचा विणलेला नायलॉन दोर वापरला. प्लगच्या भोकात स्ट्रॉ ठेवून पिस्टन वर येताना पाहिला, टोकाला पोहोचायच्या आधी थांबवून दोर आत सोडला आणि बाहेरच्या टोकाला गाठ मारली. मग टॉप गिअर टाकून गाडी पुढे ढकलायची. पिस्टन दोराला दाबतो, दोर दोन्ही व्हॉल्व्हना खालून धरून ठेवतो. रॉकर काढलेले असल्यामुळे सगळे व्हॉल्व्ह आधीच बंद असतात, त्यामुळे कॉम्प्रेशन स्ट्रोक शोधायची कटकट नाही. शिवाय १ आणि ४ नंबरचे पिस्टन एकदमच वर येतात, २ आणि ३ चेही तसंच.

ढकलायला शेजारचा मुलगा होता. "काका, अजून ढकलू?" "बस, घट्ट झालं. चाकाला वीट लाव."

कॉलेट, म्हणजे स्प्रिंगचा वरचा कप व्हॉल्व्हच्या दांडीला अडकवून ठेवणाऱ्या छोट्या पाचरी, जाम झालेले असतात. वरच्या कपावर पान्याची गोटी (सॉकेट) ठेवून हातोडीची हलकी टिचकी मारली की सुटतात, मग प्रेसने स्प्रिंग दाबून चुंबकाने उचलायचे. स्प्रिंग निघाल्यावर व्हॉल्व्ह बोटांनी हलवून गाईडमधली ढिलाई तपासून घेतली. नवी स्प्रिंग बसवताना जिथे वेटोळी दाट असतात ती बाजू हेडकडे. कॉलेटला आतून ग्रीस लावलं की खोबणीत चिकटून राहतात. दाब सोडल्यावर व्हॉल्व्हच्या दांडीच्या वरच्या टोकावर रबरी हातोडीने दोन ठोके द्या. कॉलेट अर्धवट बसला असेल तर तो इथेच उडालेला बरा.

जुन्या स्प्रिंगा गुण्याला लावून उभ्या केल्या तेव्हा दोन स्पष्ट कललेल्या दिसल्या, आणि लांबीत आपापसात दीड-दोन मिलीमीटरचा फरक. ड्रिल स्टँडखाली वजनकाटा ठेवून सगळ्या एकाच उंचीपर्यंत दाबून पाहिल्या, तर नव्यांपेक्षा सरसकट हलक्या भरल्या. खाली वॉशर घालून जुन्याच चालवायचा सल्ला मिळतो, तो मला मान्य नाही. थकलेलं पोलाद वॉशरने ताजं होत नाही, आणि बदलायच्या तर सगळ्या एकदम.

टॅपेट लावताना ४ नंबरचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलताना दिसले की १ नंबरचे लावायचे, ३ चे हलले की २ चे, आणि उलटही तसंच.

गेजचा काटा आता रेस दिल्यावरही ठाम राहतो. गायमुखच्या चढाला तिसऱ्यात गाडी न कुरकुरता ओढते, आणि तो आवाज ऐकून जो आनंद झाला तो सांगता येत नाही. ३ नंबरच्या एक्झॉस्ट गाईडमध्ये किंचित ढिलाई आहे, म्हणून त्या प्लगवर तेल येतंय का ते बघत राहणार. ५०० किलोमीटरनंतर टॅपेट पुन्हा तपासेन, आणि त्यानंतर कार्बोरेटरचा थ्रॉटल शाफ्ट, तिथून हवा ओढली जातेय असं वाटतं.