कल्याण दरवाज्याखालची काळी सुरळी

नोव्हेंबर सरत आला होता. सिंहगडाला बहुतेक जण आतकरवाडीकडून चढतात. मी मात्र कोंढणपूरवरून कल्याण गावात गेले आणि मागच्या वाटेने कल्याण दरवाज्याकडे निघाले. गवत पिवळं पडलेलं, वाटेवर घसारा आणि नऊ वाजताच कातळ तापायला लागलेला. कॉलेजात आपण शिकतो तो मार्केन्शिया ओलाव्यातला, इवल्या छत्र्या उभारणारा. तोही यकृतकाच, म्हणजे लिव्हरवर्ट: शेवाळाच्या नात्यातली, जमिनीला चिकटून वाढणारी बिनफुलांची वनस्पती. मला हवी होती ती कोरड्या कातळावर तग धरणारी यकृतका.

दरवाज्याच्या अलीकडे कातळाच्या एका भेगेत चिमूटभर माती साचली होती. तिच्यावर काळ्या दोऱ्याचे तुकडे पडल्यासारखे दिसले. गुडघे टेकून दहापट भिंग लावलं. दोरे नव्हते ते, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरच्या घट्ट सुरळ्या होत्या. पाणी आटलं की या वनस्पतीच्या दोन्ही कडा वर वळून मधे मिटतात. मग खालच्या अंगाचे काळपट जांभळे खवले तेवढे बाहेर राहतात आणि हिरवा भाग आत झाकला जातो.

एका सुरळीवर बाटलीतलं पाणी थेंबथेंब सोडलं. काही मिनिटांत कडा सैल झाल्या, मधे हिरवी रेघ दिसली आणि बघता बघता तीन-चार मिलिमीटर रुंदीची पट्टी उलगडली. पाठीवर पांढुरके ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे आतल्या हवेच्या कप्प्याचं तोंड. हे बघताना मी दर वेळी हरखून जाते. पण गंमत म्हणून सगळा पुंजका भिजवू नये. जागं व्हायला आणि पुन्हा सुकायला तिची ताकद खर्च होते आणि थोडक्या ओलाव्यात ती भरून निघत नाही.

आता नाव. नुसत्या सुरळीवरून ते ठरत नाही, कारण सह्याद्रीत जुन्या भिंतींवर भेटणारी प्लॅजिओकाझ्मा ही दुसरी यकृतकाही सुकताना अशीच मिटते आणि तिच्याही कडा जांभळट असतात. मात्र तिची मादी-फळं पाठीच्या मधून, आखूड दांड्यावर वर येतात. रेबूलिया नावाच्या आणखी एका यकृतकेचा दांडा टोकाच्या खाचेतून निघतो. इथे दांडा कुठेच नव्हता. नखाएवढा तुकडा अलगद सोडवून उलटा केला, तर टोकाखाली एक काळा, चकचकीत, दोन पाखांचा शिंपला! जेमतेम दोन मिलिमीटरचा, उभी फट थोडी उघडलेली, आणि आत बीजाणूंची गोल पिशवी.

टार्जिओनिया! असा काळा, चकचकीत शिंपला ही तिची ठळक खूण. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली तिच्या एका प्रजातीला हायपोफायला म्हटलं ते यावरूनच: फळ पानाच्या खाली. ही तीच वाटत होती. पण प्रजातीवर शिक्कामोर्तब सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहूनच करायचं, म्हणून एक पिकलेला शिंपला कागदी पुडीत घेतला. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो आणि नमुन्याला बुरशी येते.

वरून ताकाची रिकामी कळशी घेऊन एक मावशी उतरत होत्या.

"काय हरवलं का ताई?"

"नाही मावशी, हे बघतेय."

त्या वाकल्या. "ह्ये व्हय? जळल्यालं दिसतंय, पण मेलं न्हाई ते. पयला पाऊस झाला की आख्खी भेग हिरवी व्हती."

मी भिंग त्यांच्या हातात दिलं आणि उलटा तुकडा समोर धरला. डोळा बारीक करून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"आगं बया, शिंपलाच की!"

मग कळशी पुन्हा कमरेवर घेत म्हणाल्या, "वर टाक्याच्या मागं बी हाय. तिथलं जरा रुंद हाय, आन् त्याला वर बोंडं येत्यात."

वर बोंडं, म्हणजे पाठीवरचे दांडे. प्लॅजिओकाझ्मा असणार. तुकडा पाठ वर करून भेगेत परत बसवला, पुडीवर तारीख आणि जागा लिहिली आणि टाक्याच्या दिशेने चढायला लागले.