उवा नाय भेटल्या जी

मंगळवार, रात्री उशिरा

ज्यांच्या तळ्यातून मी प्रबंधासाठी माशांवरच्या उवा गोळा करते, त्या भाऊंनी आज फोन करून माझी माफी मागितली.

"म्याडम, या खेपेले उवा नाय भेटल्या जी. जाळं टाकून पायलं, रोहू एकदम साफ हाय. माफ करजा, तुमची चक्कर वाया जाईन."

मी "अहो, चांगलंच झालं की" म्हटलं. म्हणायला हवं होतं तेच म्हटलं. फोन ठेवला आणि तक्त्यातल्या फेब्रुवारीच्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसले. तेव्हापासून टोचतंय. त्यांचं तळं बरं झालं, तर त्यांनी मला माफी का मागावी? आणि ती ऐकताना, इथे खोटं लिहून काय उपयोग, ते माझं काहीतरी देणं लागतात असं मला का वाटलं?

मागच्या हंगामात मौद्याकडचं हे तळं बघवत नव्हतं. पाणी उतरलेलं, मासे दाटलेले, आणि रोहू पाळीला अंग घासत, मधेच उसळी मारत. कटल्याला त्यामानाने कमी त्रास, ऊ रोहूच्या जास्त मागे. भाऊंनी एक मासा हातात दिला. परांच्या मुळाशी लाल ठिपके, आणि त्या ठिपक्यांवरून काहीतरी सरकलं. बोट लावलं की ती पळते, खवल्याच्या कडेला जाऊन चपटी होते.

प्रयोगशाळेत भिंगाखाली ठेवली तर अंग इतकं पारदर्शक की आतली काळपट आतडी दिसते. चार-पाच मिलिमीटरचा जीव. दोन काळे डोळे, पोटाच्या बाजूला दोन गोल चूषक, त्यांनी ती वाहत्या पाण्यातही माशाला धरून बसते. त्या चूषकांच्या मध्ये टोचायची नळी. पोहायच्या पायांच्या चार जोड्या सारख्या हलत असतात. आर्गुलस सायमेन्सिस. नाव सयामचं, म्हणजे थायलंडचं, विल्सनने १९२६ साली ठेवलेलं, आणि ताप मौद्याच्या रोहूला. मला ती सुंदर वाटते. हे आईसमोर बोलायची सोय नाही.

त्या आठवड्यात आमच्याकडे आनंदीआनंद होता. बाटल्या भरल्या, अल्कोहोल कमी पडलं, सर म्हणाले "बघा, असा नमुना मिळायला नशीब लागतं." त्याच आठवड्यात भाऊंनी अर्धवट वाढलेले रोहू पडेल भावाने काढले, कारण ठिपक्यांचा मासा बाजारात कोणी हातात धरत नाही. ऊ माणसाला लागत नाही हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? जखमेतून जिवाणू शिरले की मात्र मासा खरंच सडायला लागतो, मग गिऱ्हाइकाचंही चुकत नाही. माझ्या वहीत त्या तारखेला दोन्ही गोष्टी आहेत. नमुन्यांची नोंद निळ्या शाईत, भाव पेन्सिलने कडेला.

आणि उवांवर बांबूचा उपाय मीच सांगितला होता! दुकानदाराने त्यांच्या गळ्यात औषधाची बाटली मारली होती, ती टाकली असती तर तळ्यातले झिंगेही गेले असते. ऊ म्हणतो आपण, पण ती नात्याने झिंग्या-खेकड्यांचीच. म्हणून म्हटलं, भाऊ, बाटली राहू द्या. मादी अंडी घालायला मासा सोडते आणि कडक जागा शोधते, तिथे रांगेने अंडी चिकटवते. मातीच्या तळ्यात कडक जागा असतात किती? पाण्यात बांबू गाडा, दर आठवड्याला उपटून पाळीवर उन्हात टाका, वाळले की पुन्हा गाडा. नागपूरचं ऊन फुकट आहे. ते "बरं जी" म्हणाले. मला वाटलं, माणूस भिडेखातर हो म्हणतोय. त्यांनी खरंच केलं.

म्हणजे माझा नमुना माझ्याच सल्ल्याने गेला. हसू येतंय आता, दुपारी येत नव्हतं.

दुपारी फक्त माझीच कीव येत होती. ताईचं घर झालं, आणि मी कोणाच्या लग्नात जेवायला बसले की शेजारची बाई विचारते, "तू करतेस काय गं?" सांगितलं की तिचा घास थांबतो. मग हमखास, "मग मासे खायचे की नाही?" खा हो, नीट शिजवून खा. फेलोशिपचं तर बोलायलाच नको. परवा एका मृगल माशाच्या अंगावरच्या चिकट्यात गिरोडॅक्टिलस नावाचा बारीक चपटा कृमी सापडला. त्याचं पिल्लू जन्माला येतं तेव्हाच त्याच्या पोटात पुढचं तयार असतं. माझा प्रबंध बाहेर येईपर्यंत त्यांच्या किती पिढ्या होतील, बाप्पा!

संध्याकाळी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "शून्य हीसुद्धा नोंदच." सरांना सगळं कसं लगेच सुचतं. पण परीक्षक विचारणारच, ते शून्य बांबूमुळे कशावरून? शेजारी बांबू न गाडलेलं, तेवढंच, तेच मासे असलेलं तळं कुठे आहे? यंदा भाऊंनी बोटुकलीही (माशांची बोटाएवढी पिल्लं) विरळ सोडली होती, पाऊसही बरा झाला, पाणी टिकलं. एका तळ्यावरून काही सिद्ध होत नाही. हे मला भाऊंना सांगावंसं मात्र अजिबात वाटत नाही. त्यांच्या लेखी बांबूने काम केलं, आणि त्यांचा भाव या वर्षी पेन्सिलने लिहावा लागणार नाही.

पण घोळ इथे संपत नाही. फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "म्याडम, नाराज नका होऊ. आमच्या बाजूच्या बोडीत लय उवा हाय. तिथं सांगून ठेवू का?" बोडी म्हणजे छोटं तळं. आवाजात इतका उत्साह, जणू पाहुणीला दुसऱ्या घरी तरी पुरणपोळी मिळेल याची सोय करताहेत. आणि मी लगेच विचारलं, "रोहूच आहेत ना?"

हेच बोचतंय बहुतेक. बोडीवाल्याचं नाव नाही विचारलं, किती मासे मेले नाही विचारलं. रोहूच आहेत ना.

बरं, मग काय विचारायचं होतं? नुसती हळहळ वाटून घेऊन त्या बोडीतली एक ऊ कमी होणार नाही. आणि भाऊंना माझ्यासारखा प्रश्न पडलेला नाही. त्यांच्या हिशोबात बाईला उवा लागतात, बाईने बांबू सांगितले, दोन्ही एकाच कामाचे भाग. त्यांनी मला फोन केला तो दिलेला शब्द पाळता आला नाही म्हणून. मी उगाच त्याची माती करतेय.

खरा पेच वेगळाच आणि तो मला आत्ता लिहिताना सुचला. बोडीवाल्याला बांबूचं उद्याच फोनवर सांगायचं, की माझे नमुने झाल्यावर? भाऊंनी एव्हाना सांगितलंही असेल. तसंही आज गाडलेल्या बांबूने आज माशावर बसलेली ऊ हलत नाही, फरक पुढच्या पिढीला पडतो. म्हणजे दोन दिवसांनी त्याचं फार बिघडणार नाही आणि माझं बरंच सुधारेल. ठरलं तर. गुरुवारी सकाळी नमुने, दुपारी बांबू. बर्फ बुधवारी बाजारातून घ्यायचा, आणि जाताना भाऊंकडचा चहा चुकवायचा नाही, नाहीतर ते परत माफी मागतील.