तुम्ही विचारलंत म्हणून: काळा दगड पाहायला हरिहरेश्वरलाच कशाला?

‘काळे दगडच पाहायचे न, मग आपली सीताबर्डीची टेकडी काय वाईट आहे?’ कोकण किनाऱ्यावरच्या हरिहरेश्वरचं नाव काढलं की नागपुरात हे ऐकावं लागतंच. मान्य, दगड एकाच जातीचा आहे: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट. पण खारं पाणी त्याचं काय करतं, ते बर्डीवर कसं दिसणार?

मंदिराकडून कड्याच्या फटीतल्या पायऱ्या उतरलात की प्रदक्षिणेची वाट खडकाच्या सपाट ओट्यावर येते. हा ओटा लाटांनी कापलाय. लाटा वाळू-गोटे घेऊन कड्याचा पाया खातात, वरचा भाग अधांतरी राहतो, कोसळतो, कडा मागे सरतो.

कड्याच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. ‘हे लाव्हाचे बुडबुडे’ असं लोक सर्रास सांगतात, तिथे माझा संयम सुटतो. बुडबुड्याची पोकळी गोलसर असते, थराच्या माथ्याकडे जास्त, आणि पुष्कळदा पांढऱ्या खनिजाने भरलेली. जाळी मात्र बाहेरून आत कोरली जाते. लाटांचे तुषार दगडात मुरतात, उन्हाने वाळतात, मिठाचे स्फटिक वाढताना कण सुटे करतात. खळगा सावलीत ओलसर राहतो म्हणून आणखी खोल जातो, मधल्या पातळ भिंती तेवढ्या उरतात. आधी नागपूरच्या एखाद्या खदानीत बुडबुडे ओळखायला शिका, असं मी पूर्वी ठासून सांगायचो. आता तितकं ठाम सांगवत नाही; किनारा पाहून आल्यावरच इथल्या दगडाकडे वळलेले लोकही आहेत.

खरा घोळ वेळेचा. आपण गाडीच्या वेळा जुळवतो आणि ऐन भरतीत पोचतो. तेव्हा वाट पाण्याखाली. कोकणातली रीत सोपी आहे: तिथीला तीनने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ निघते, ओहोटी सहा तासांनी. अष्टमीची ओहोटी दुपारी बाराला, सोयीची. पण ती भांगाची, म्हणजे कमजोर; पाणी फार हटत नाही. पौर्णिमेनंतरची द्वितीया घ्या: भरती रात्री दीडला, ओहोटी सकाळी साडेसातला, आणि उधाणाची असल्याने ओटा लांबवर उघडा पडतो. हिशेब ढोबळ आहे, त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक पाहाच.

ओहोटीच्या तासभर आधी उतरा, पाणी फिरलं की वर या. हिरव्या शेवाळावर पाय नको. समुद्राकडे पाठ करून फोटो नको. लहान लाटांमागून एखादी मोठी येते, आणि इथून माणसं वाहून गेली आहेत. पावसाळ्यात तर उतरूच नका, ओहोटी कितीही चांगली असली तरी.