फास्ट

आषाढी एकादशीची सकाळ, बाहेर धो धो पाऊस, डोंबिवलीहून सुटलेली सीएसएमटी फास्ट आणि लेडीज डब्यात चौथ्या सीटवर कशीबशी टेकलेली मी. समोरच्या काकूंपुढे एका मुलीनं सँडविचचा डबा धरला. "नको गं, आज माझा फास्ट आहे," काकू म्हणाल्या. तेवढ्यात कुर्ला सोडून शीवच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच.

"डोंबलाची फास्ट!" दारातून आवाज आला.

आणि तो शब्द माझ्या डोक्यात बसला. गाडीलाही फास्ट, उपासालाही फास्ट?

गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत या शब्दाचा वेगाशी काही संबंधच नव्हता. फास्ट म्हणजे घट्ट, पक्कं, जागचं न हलणारं. विमानात पट्टा 'फासन' करायला सांगतात, तो याच घरातला. धुण्यात न जाणारा रंग 'कलरफास्ट', म्हणजे आपला पक्का रंग. गाढ झोपलेला माणूस 'फास्ट अस्लीप'. दादर कधी गेलं हे ज्यांना कळत नाही, त्या बायका याच जातीच्या.

मग जो हलतच नव्हता, तो शब्द पळायला कसा लागला? मला याचं उत्तर मराठीतच सापडलं. 'गाठ जोरात आवळ' आणि 'जोरात पळ, गाडी सुटेल'. दोन्हीकडे जोरातच, पण पहिल्यात घट्टपणा, दुसऱ्यात वेग. इंग्रजीतही तसंच झालं. घट्टवरून जोरकस, आणि जोर लावून धावणारा अर्थातच वेगानं धावणारा.

उपासाचा फास्टही त्याच मुळाचा. नेम घट्ट धरून ठेवायचा, म्हणून. आणि आपण तरी काय म्हणतो? एकादशी 'धरली'! इतक्या लांबच्या दोन भाषांना उपाशी पोटी एकच सुचावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. संपवताना मात्र वाटा वेगळ्या. इंग्रज उपास मोडतो, रोज सकाळी. ब्रेकफास्ट म्हणजे तेच. आपण उपास सोडतो, द्वादशीला पारणं फेडतो. आमच्या घरी उपास 'मोडला' म्हणजे कुणीतरी चुकून बिस्कीट तोंडात टाकलेलं असतं आणि आजी कपाळाला हात लावून बसलेली असते.

शेजारच्या रुळावरून एक स्लो लोकल आमच्याकडे बघत बघत निघून गेली.

"ही कधी हलायची?" काकू वैतागल्या.

"काकू, ही जुन्या अर्थानं फास्ट आहे," मी म्हटलं आणि उत्साहानं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला.

"तुझाही उपास दिसतोय. आधी हे खा."