डफेल स्टेशन आणि अंगातला कोट

मेखेलनहून अँटवर्पला कामावर जाताना मध्ये डफेल नावाचं छोटं स्टेशन लागतं. डिसेंबरात सकाळी साडेआठलाही नीट उजाडलेलं नसतं, त्यामुळे मला फक्त पाटीच दिसायची. अंगातला डफल कोट याच गावाचं नाव लावतो, हे मला फार उशिरा कळलं.

बेल्जियममधल्या पहिल्या थंडीत माझ्या जॅकेटची चेन प्लॅटफॉर्मवरच अडकली. हातमोजे काढून खटपट करेपर्यंत बोटं बधिर झाली. त्याच आठवड्यात जुन्या कपड्यांच्या दुकानात हा कोट मिळाला. उंटाच्या रंगाचा, कांबळ्यासारखा जाड. बटणं नाहीतच. एका बाजूला लाकडाच्या चार आडव्या खुंट्या, दुसऱ्या बाजूला दोरीचे वेढे. जाड हातमोजे घालूनसुद्धा खुंटी वेढ्यातून सहज सरकते. डच भाषेत याला ‘हाउत्ये-ताउत्ये’ कोट म्हणतात, म्हणजे काडी-दोरीचा कोट. मला हे नाव फार आवडतं.

डफेल हे नेते नदीकाठचं गाव. इथलं भरड लोकरी कापड इतकं प्रसिद्ध झालं की कापडालाच गावाचं नाव पडलं. सतराव्या शतकात डच व्यापारी ते पार अमेरिकेत नेऊन तिथल्या मूळ रहिवाशांकडून बीव्हर या केसाळ प्राण्याची कातडी घेत. पुढे इंग्लंडमध्येही ते विणलं जाऊ लागलं. गाव मागे राहिलं, नाव पुढे गेलं.

कोटाला आजचं रूप आलं ते ब्रिटिश नौदलात. पहिल्या महायुद्धात तो खलाशांना मिळू लागला आणि दुसऱ्यात तर सगळीकडे दिसू लागला. उत्तर अटलांटिकमध्ये, रशियाच्या मुर्मान्स्ककडे जाणाऱ्या ताफ्यांवर, जहाज जिथून हाकतात त्या उघड्या ब्रिजवर उभं राहून तासन्‌तास गस्त घालायची, वर खाऱ्या पाण्याचे फवारे. तिथे गुंडी आणि काज यांचा मेळ कोण घालत बसणार? हूड एवढं मोठं की नौदलाची टोपी न काढता वरून ओढता यावं. खांद्यावर कापडाचा आणखी एक थर, कारण पाणी आधी तिथेच मुरतं. या कोटात शोभेसाठी म्हणून काहीच नाही, आणि म्हणूनच तो मला इतका देखणा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनानी फील्ड मार्शल माँटगोमेरी लष्करातले, पण त्यांनीही हाच कोट जवळ केला. म्हणून त्याला ‘माँटी कोट’ असंही म्हणतात. युद्ध संपल्यावर नौदलाकडे उरलेले कोट स्वस्तात बाजारात आले. हातमोजे आणि कामाचे ओव्हरऑल विकणाऱ्या मॉरिस दांपत्याने ते विकायला घेतले. साठा संपला, मागणी संपेना. मग 1951 मध्ये त्यांनी ‘ग्लव्हरऑल’ ही कंपनी काढली; ग्लव्ह आणि ओव्हरऑल मिळून झालेलं नाव. लाकडाच्या जागी शिंगाच्या खुंट्या आल्या, दोरीच्या जागी चामड्याच्या वाद्या. विद्यार्थ्यांना तो परवडायचा. 1958 च्या ईस्टरला अण्वस्त्रांविरुद्ध लंडनहून ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्र केंद्राकडे चालत निघालेल्या मोर्चातही हे कोट दिसले. युद्धासाठी शिवलेला कोट युद्धविरोधकांच्या अंगावर! आज जपानमध्ये शाळकरी मुलं तो गणवेशावर घालतात.

गेल्या डिसेंबरात नाना इथे आले होते. त्यांनी कोटाची बाही चिमटीत धरली, उलटी करून पाहिली आणि म्हणाले, “अरे, ही तर घोंगडीच की!” हूड डोक्यावर ओढल्यावर म्हणाले, “आणि ही खोळ.” लहानपणी पावसात घोंगडीची खोळ घेऊन रानात जायचे ते.

रविवारी आम्ही मुद्दाम डफेलला उतरलो. झिमझिम पाऊस होता, नेते करड्या रंगाची वाहत होती. मी छत्री उघडली, पण नानांना ती नको होती. खोळ पुढे ओढून ते नदीकाठाने निघालेसुद्धा.